वर्धामायची मास्तरीण

आमच्या धारकिन्हीत एक नियम आहे. मुलीनं किंवा बाईनं नदीच्या वाळूवर आपलं नाव लिहिलं, तर उठायच्या आधी ते पुसायचं. आपलं आपण, उजव्या तळहातानं, एकही रेघ मागे न ठेवता. पोरांनी नाही पुसलं तरी चालतं. का, असं विचारायचं नाही.

मी सात वर्षांची असताना विचारलं, तेव्हा आबाजी खोकले. तेरा वर्षांची असताना विचारलं, तेव्हाही खोकले. कॉलेजातून सुट्टीला आल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाले, "नियम हाये. नियमाले काऊन नसते."

आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले काका, गावातले सगळ्यांत म्हातारे. ज्या गोष्टीतून हा नियम निघाला ती गोष्ट ते दर वर्षी सांगतात, आणि कारणाजवळ आले की थांबतात. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की आता मीच सांगते. मी थांबणार नाही.

फार वर्षांपूर्वी, वर्धेवर पूल नव्हता आणि तिचं पाणी कुठं कोणी अडवलं नव्हतं, तेव्हा धारकिन्ही नावाची दोन गावं होती. एक काठावरचं, मातीचं. दुसरं पात्रातलं, वाळूचं. पावसाळ्यात लोक मातीच्या गावात राहत. दिवाळी झाली, पाणी ओसरलं आणि पांढरी वाळू उघडी पडली, की भोयांची सगळी घरं आपली भांडीकुंडी, शेळ्या आणि म्हातारी माणसं घेऊन खाली उतरत. बोरूच्या खोपी बांधत, वाळूत आळी खणत, आळ्यांत शेणखत घालत आणि डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि टरबुजं लावत. त्या सगळ्या पसाऱ्याला डांगरवाडी म्हणत. वैशाख संपता संपता वाडी उठे, खोपी मोडत, आणि गाव पुन्हा वर जाई. मधले सहा महिने काठावर फक्त मारुती आणि मांजरं राहत, असं म्हणतात.

वाळूचं गाव फार सुंदर होतं. सकाळी धुकं खोपींच्या उंबरठ्यापर्यंत यायचं आणि कोंबड्यांसारखं आत डोकावायचं. दुपारी वाळू इतकी तापायची की पलीकडच्या तीरावरची माणसं हवेत चालताना दिसायची. आणि डांगरं पिकली की वास एवढा दाट व्हायचा की उडते पक्षी वाटेत पेंगायचे, असं म्हणतात.

अशाच एका पौषात, धुकं अजून उठायचं होतं, तेव्हा मावळतीच्या तीरावरून एक तरुण बाई पाण्यात उतरली. डोक्यावर गाठोडं, हातात पाटी. ती तापीच्या काठची. बापानं तिचं नावही तापीच ठेवलं होतं. सातवीची परीक्षा पास झालेली. मास्तरीण व्हायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. पण तिच्या गावात एक मास्तर होता, आणि तो म्हातारा व्हायला तयार नव्हता. म्हणून ती काम शोधत निघाली.

वाटेत नऊ गावं लागली. पहिल्या गावानं विचारलं, नवरा कुठे आहे? दुसऱ्यानं विचारलं, बाप कुठे आहे? तिसऱ्यानं विचारलं, बाई शिकवायला लागली तर भाकरी कोण थापणार? चौथ्या गावानं तिला आधी जेवू घातलं आणि मग नाही म्हटलं. पाचव्यानं आधी नाही म्हटलं आणि मग जेवू घातलं. सहाव्या, सातव्या, आठव्या गावात मोठी माणसं जमली, पानं खाल्ली, विचार करू म्हणाली आणि झोपायला गेली. नवव्या गावात माणसं बाहेर आलीच नाहीत, कुत्र्यांनीच काय ते सांगितलं. दहावं गाव आमचं.

नदीच्या मध्यावर पाणी कमरेपर्यंत आलं. तिथं तिचा पाय घसरला आणि पाटी हातातून सुटली. तिनं वाकून शोधली, हात घालून शोधली, डोकं बुडवून शोधली. पाणी आरशासारखं नितळ होतं, तळाचा प्रत्येक खडा दिसत होता, पण पाटी नव्हती. नदीनं ती ठेवून घेतली, असं म्हणतात. ज्याला शिकायचं असतं तो आधी पाटी घेतो, त्यात नवल काय?

काठाशी झिंगरूजी भोई जाळं वाळत घालत होते. वाडीतले सगळ्यांत जाणते ते. दर साली कोणाची वाळू कुठून कुठपर्यंत, ते वल्ह्याची रेघ ओढून तेच ठरवत. ओल्या लुगड्यानं समोर आलेल्या या पोरीकडे त्यांनी नीट पाहिलं.

"कोन्या गावची व माय?"

"तापीकाठची."

"नाव काय तुह्यं?"

"तापी."

झिंगरूजी हसले. "म्हंजे नदीच चालत आली म्हना. आमच्या वर्धामायची बहीन तू. दोघी येकाच डोंगराच्या लेकी. येक मावळतीले गेली, येक इकडे आली. बहिनीले भेटाले आली काय?"

"काम शोधायला आले, बाबा. मला शिकवता येतं."

"काय शिकोतं?"

"लिहायला. वाचायला."

तोवर आजूबाजूला माणसं गोळा झाली होती. झिंगरूजींनी त्यांच्याकडे पाहून डोळा मिचकावला. "मासा वाचता येते काय तुले?"

"नाही."

"पानी?"

"नाही."

"मंग तुले बी लय शिकाचं हाये, बाई."

सगळी वाडी हसली. तापीही हसली, असं म्हणतात, आणि तिथंच वाळूवर बसली. म्हणाली, "मग मला पाणी शिकवा. मी तुम्हाला अक्षर शिकवते. वाडी उठेपर्यंत ठेवून घ्या. तोवर गावात एका माणसालाही वाचता आलं नाही, तर मी आले तशी निघून जाईन."

झिंगरूजींना माणसं घालवून द्यायला आवडत नसे, आणि घरात ठेवून घ्यायलाही. त्यांनी मधला मार्ग काढला. "राह्य. रोज येका घरचं जेवन भेटन. वाडी उठाच्या दिवशी मी सोता परीक्षा घेईन. येकानं जरी माह्यासमोर वाचून दाखोलं, तं मारुतीजवळ खोली बांधून देतो, तिथं जलमभर शिकोव. नाई वाचलं, तं अकरावं गाव पाह्य."

तापी राहिली. पण शिकायला येणार कोण? पुरुष जाळ्यात, पोरं शेळ्यांमागे. उरल्या बाया. सतरा बाया आणि सहा मुली. त्यांना दिवसभर एकच काम. वाळूत झिरा खणायचा, झिऱ्यात पाझरलेलं पाणी मडक्यात भरायचं, आणि आळ्याआळ्याला एकेक मडकं ओतत जायचं. शेकडो आळी. बसायला वेळ नाही.

तापीनं त्यांना बसवलंच नाही. तिनं कमरेला पदर खोचला, मडकं उचललं आणि त्यांच्याबरोबर पाणी घालू लागली. आणि प्रत्येक आळ्याच्या कडेला, बोटानं, एक अक्षर काढू लागली. पहिल्या आळ्याशी ग. दुसऱ्याशी म. तिसऱ्याशी भ. पाणी घालायचं आणि अक्षराचं नाव घ्यायचं, मगच पुढं जायचं. आठ दिवसांत बाया आळ्यांना अक्षरांनीच हाका मारू लागल्या.

"अवं, तुह्या ग ले किती पानी पाजतं? सडून जाईन तो."

"माह्या ग ची काळजी तू नोको करू. तुह्या भ कडे पाह्य, मान टाकली त्यानं."

माघात वेल पसरले तसे दोन आळ्यांमधले वेल एकमेकांत शिरले आणि अक्षरांना अक्षरं जोडली गेली. फाल्गुनात बायांना आपापली नावं लिहिता येऊ लागली. त्याआधी कोणी त्यांना नावानं बोलावत नव्हतं. अमक्याची सून, तमक्याची आई, एवढंच. झिंगरूजींची धाकटी सून सायत्रा हिनं पहिल्यांदा आपलं नाव वाळूत पूर्ण काढलं आणि ती त्याच्याभोवती तीनदा फिरली, जशी वडाभोवती फिरतात. त्या साली डांगरांच्या सालीवरच्या जाळीतसुद्धा अक्षरं उमटली होती, असं म्हणतात. आणि म च्या आळ्यातली फळं सगळ्यांत गोड निघाली.

आणि आणखी एक होत होतं.

पाण्याच्या सगळ्यांत जवळ जी आळ्यांची ओळ होती, तिथली अक्षरं रोज सकाळी ओली सापडत. पुसलेली नाही, फक्त ओली. कोणीतरी ओलं बोट फिरवून गिरवल्यासारखी. दुपारी बाया मोठ्यानं अक्षरं म्हणू लागल्या की वर्धेचा खळखळाट थांबे. मासे काठाशी येऊन उभे राहत. सायत्रानं एकदा विचारलं, "बाई, तुमी नदीले बी शिकोता काय?"

"मी कुठं शिकवते?" तापी म्हणाली. "ती शिकते."

चैत्र गेला. वैशाख आला. डांगरं संपत आली, वेल पिवळे पडले, आणि वाडी उठायचा दिवस उद्यावर येऊन ठेपला. तेव्हा तापीच्या ध्यानात आली ती अडचण, जी पहिल्याच दिवशी साऱ्या वाडीच्या ध्यानात आली होती. तेवीस जणींना वाचता येत होतं. पण परीक्षा झिंगरूजी घेणार होते. त्या तेवीस जणींत कोणी त्यांची सून होती, कोणी पुतणसून, कोणी नातसून, कोणी त्यांची नात. सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, आणि मुलीनं आजोबापुढे बोलायचं नाही, हा त्या वेळचा नियम. त्यालाही काऊन नव्हतं.

त्या संध्याकाळी तापी नदीकाठी बसली आणि पाण्यात पाय सोडून म्हणाली, "दहा गावं झाली, ताई. अकरावं किती लांब आहे, तुलाच ठाऊक. तुला सगळं येतं आता. पण तुला साक्षीला कोण बोलावणार?" पाणी तिच्या घोट्यांशी बराच वेळ घुटमळलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी जमली. आभाळ निळंभोर, कुठं ढगाचा कापूस नाही. झिंगरूजी उलट्या होडीवर बसले. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोईवरून पदर ओढलेल्या बाया. तापीनं वाळूवर ठसठशीत अक्षरांत एक ओळ लिहिली: डांगर गोड आहे.

"वाचा," झिंगरूजी म्हणाले.

कोणी वाचलं नाही. पदराआड ओठ हलले, पण आवाज बाहेर आला नाही.

"वाचा," ते पुन्हा म्हणाले.

पुरुषांतून कोणीतरी खिदळलं. "अक्षरं पळाले काय व?"

तिसऱ्यांदा झिंगरूजींनी वाचा म्हटलं नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं, असं म्हणतात. मग म्हणाले, "बाई, गाठोडं बांध."

तापीनं मान हलवली आणि गाठोडं उचलायला वळली. सायत्रा मान खाली घालून उभी होती. खाली मान घातलेल्या माणसाला जमीन दिसते. तिला पाण्याच्या कडेची ओली वाळू दिसली. लाट आली, फेस ठेवून मागे गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. आणि फेसाच्या रेघांनी, नवशिक्या हातानं काढावीत तशी, वाकडीतिकडी, मोठी मोठी अक्षरं वाळूवर उमटली.

सायत्रानं पदर मागे टाकला आणि मोठ्यानं वाचलं. "मी आले. सरका."

"अवं माय!" तिची सासू किंचाळली. "सासऱ्यासमोर तोंड उघडलं हिनं!"

झिंगरूजी होडीवरून उठले. "काय वाचलं? पुन्हा वाच."

"'मी आले. सरका.' असं लिवलं हाये, मामाजी."

"कोनं लिवलं?"

सायत्रानं नदीकडे बोट दाखवलं.

झिंगरूजींना अक्षर येत नव्हतं, पण पाणी येत होतं. ते कडेला गेले, वाकले आणि ओंजळ भरली. ओंजळीत मातकट पाणी होतं, आणि त्यात सागाचं एक हिरवं पान. सागाचं झाड आमच्या बाजूला कुठंच नाही. ते वर, डोंगरात. तिथं आभाळ फाटलं होतं आणि इथं ऊन पडलं होतं. झिंगरूजींनी एका क्षणात सगळं पाणी वाचलं आणि ओरडले, "उठा! पोरं उचला! खोपी जाऊ द्या, काठ गाठा!"

आता वाळूचं पात्र केवढं रुंद ते तुम्हाला सांगायला हवं. काठ अर्ध्या कोसावर. पाय रुतत होते. म्हातारी माणसं खाटांवर, लेकरं खांद्यावर, शेळ्या दोरीला. माणसांच्या मागे पाणी निघालं. भिंतीसारखं उभं नव्हतं ते. चादर पसरावी तसं, सगळ्या बाजूंनी, आवाज न करता येत होतं. आणि माणसांपेक्षा ते वेगात होतं.

तापी काठाकडे पळाली नाही. तिनं एक वल्हं उचललं, पाणी आणि माणसं यांच्या मधल्या वाळूवर उभी राहिली आणि वल्ह्याच्या दांड्यानं हातभर मोठ्या अक्षरांत लिहू लागली. पहिलं नाव लिहिलं, सायत्रा.

पाणी त्या नावापाशी आलं आणि थांबलं.

नवशिक्या माणसाला वाचताना पाहिलंय ना तुम्ही? तो अक्षरावर बोट ठेवतो, ओठ हलवतो. पुढचं अक्षर कळलं की मागचं विसरतो, म्हणून पुन्हा मागे जातो. आणि समोर अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय त्याला पुढं जाववत नाही. वर्धामाय तशी वाचत आली. सा. य. पुन्हा सा. सायत्रा. एक नाव वाचून होईपर्यंत माणसं पन्नास पावलं पुढं गेली. तोवर तापीनं दुसरं नाव लिहिलं होतं, गिरजी. मग पुनी. मग ठकी. मग चिंधी. तापी मागे मागे सरत होती, लिहीत होती, आणि सगळ्या डोंगराचं पाणी अंगावर घेऊन आलेली नदी तिच्यासमोर शाळेतल्या पोरीसारखी एकेक नाव लावून वाचत होती.

तेविसावं नाव लिहून झालं तेव्हा शेवटची शेळी काठावर चढली. धारकिन्हीचं एकही माणूस वाळूत नव्हतं. काठाच्या पायथ्याशी, उंबराच्या मुळांजवळ, तापी एकटी होती.

वरून झिंगरूजी ओरडत होते. "झाली परीक्षा, बाई! पास झाली तू! खोली देतो, वर ये!"

तापीनं वर पाहिलं. तिचा चेहरा अगदी हसरा होता, असं म्हणतात. "आले, बाबा. एक नाव राहिलं," ती म्हणाली.

आणि तिनं लिहिलं, तापी.

हे नाव वाचायला नदी अडखळली नाही. ते तिच्या बहिणीचं नाव होतं. एका डोंगराच्या दोघी लेकी, एक मावळतीला गेलेली, एक इकडे आलेली. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी एकमेकींचा निरोप सांगितला नव्हता. पाणी उठलं आणि माहेरी आलेल्या बहिणीला घ्यावं तसं त्यानं तिला जवळ घेतलं. ती बुडताना कोणी पाहिली नाही. चालताना पाहिली. डोक्यावर गाठोडं, आणि हातात पाटी. ती पौषात हरवलेली पाटी. पाण्यावरून ती खालच्या अंगाला गेली, आणि दुपारच्या उन्हात दिसेनाशी झाली.

त्यानंतर नदीकाठच्या खालच्या गावांतून गोष्टी येऊ लागल्या. कुठं एक मास्तरीण काम मागायला आली होती म्हणे, ओल्या लुगड्यानं. कुठं कोणी न शिकवताच पोरी वाचू लागल्या म्हणे. अकरावं गाव, बारावं गाव, विसावं गाव. नदी जिथवर जाते तिथवर तिला काम मिळालं, असं म्हणतात.

झिंगरूजींनी शब्द पाळला. मारुतीजवळ खोली बांधली, दार नदीकडे ठेवलं. शिकवायला मास्तरीण नव्हती, म्हणून सायत्राला बसवलं. आणि पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत कोण बसलं? झिंगरूजी. पांढऱ्या मिशांचा सासरा मांडी घालून सुनेसमोर बसला, आणि सून म्हणाली, "मामाजी, ग म्हना." आणि ते म्हणाले.

आजही आमच्याकडे पहिलं आळं खणलं की त्याच्या कडेला ग काढतात. आजही म च्या आळ्यातलं पहिलं फळ कोणी खात नाही, ते नदीत सोडतात. कोणी परका माणूस गावात काम शोधत आला, तर वाडी उठेपर्यंत त्याला कोणी जा म्हणत नाही, त्याला फक्त विचारतात, तुला काय शिकवता येतं? आणि वाडी उठायच्या दिवशी सगळं गाव वाळूत उतरतं आणि लहानथोर सगळे पाण्याच्या कडेला आपलं नाव लिहितात. तापी मास्तरणीच्या नावानं.

मग पोरं उठून जातात आणि बाया नावं पुसतात.

हे झिंगरूजींनी सांगितलं नव्हतं. सायत्रानंही नाही. त्यांच्यामागून आलेल्या जाणत्या लोकांनी काठावर बसून विचार केला, आणि जाणते लोक बसून विचार करतात तेव्हा जे होतं ते झालं. त्यांनी ठरवलं, तापीनं नाव लिहिलं, पुसलं नाही, म्हणून नदीनं तिला नेलं. तेव्हा बाईनं नाव मागे ठेवायचं नाही. गोष्ट याच जागी आली की आबाजी खोकतात.

यंदा वाडी उठली तेव्हा मीही वाळूत उतरले. माझं बी.एड. झालं आहे. तीन दिवसांनी मी निघणार होते, मावळतीकडे, तापीकाठच्या एका गावात शाळेत जागा आहे असं कळलं म्हणून. ओळखीचं तिथं कोणी नाही. गाठोड्याच्या जागी एक फाइल आहे, एवढंच. मी पाण्याच्या कडेला बसले आणि माझं नाव लिहिलं. शेजारी सात-आठ मुली आपापली नावं काढत होत्या. मागे काठावर आबाजी आणि बाकीची म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती.

मुलींचे उजवे हात वर झाले. मी उठून उभी राहिले.

"नाव पूस व पोरी," आबाजी म्हणाले.

"नाही पुसत, आबाजी."

"तू परगावी चालली. अशा वक्ती तं पयलं पुसा लागते. पूस."

"का?"

"नदी बोलावते, माय."

"आबाजी, तापीनं त्या दिवशी किती नावं लिहिली होती?"

बाजूचे एक काका म्हणाले, "तेवीस. आन् येक तिचं."

"ती तेवीस कोणी पुसली?"

"कोन पुसन? पूर आला होता."

"मग त्या तेवीस जणींपैकी किती जणींना नदीनं नेलं?"

काकांनी आबाजींकडे पाहिलं, आबाजींनी पाण्याकडे. माझ्या शेजारच्या मुलींचे हात हवेत तसेच होते. मग एकीनं आपला हात खाली घेतला आणि फ्रॉकच्या खिशात घातला.

पाणी माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरापाशी आलं, जरासं थांबलं, आणि दुसऱ्या अक्षराकडे सरकलं. काठावर आबाजी खोकलेसुद्धा नाहीत.